माझ्या एकटीचं सुतक

अहो, तुम्हाला जाऊन आठवडा उलटून गेला, आणि तुमचं सुतक या घरात मी एकटीच पाळते आहे. देवघराचं दार ओढून घेतलंय. दिवा नाही, फोडणी नाही, केसांना तेल नाही. पुढच्या खोलीत चटई टाकून बसते आणि रस्त्यानं कोण येतं-जातं ते बघते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "कशास हे सगळं? कोणी सांगितलं तुज?" कोणी नाही सांगितलं. तेच तर दुखणं आहे. सांगायलाही कोणी आलं नाही.

सुतक हे एकट्या माणसानं पाळायचं कामच नव्हे, हे मला या वयात कळलं. माझे वडील गेले तेव्हा साताऱ्याच्या घरात आम्ही सगळे भाऊबंद सुतकात होतो. सगळेच सुतकात, म्हणून एकमेकांना शिवायला हरकत नव्हती. बाहेरच्यांनी लांब राहायचं आणि आतल्यांनी एकमेकांना धरून रडायचं, असं ते होतं. काक्या आईच्या अंगावर ओरडत होत्या, "खा दोन घास, नाहीतर आम्हीही उपाशी बसतो." मला तेव्हा त्या गर्दीचा वैताग आला होता. आता कळतं, त्या गर्दीला काय काम होतं. इथं मी एकटी आत आहे आणि अख्खं कुंभकोणम बाहेर. आपल्याला मूलबाळ नाही, माझा भाऊही गेला. भाचा फोनवर म्हणतो, "आत्या, इकडे ये राहायला." सुतक काय बॅगेत भरून नेऊ?

रघुभावजींनी उपाध्यांना विचारलं. मला सगळं ऐकू आलं, कारण वाटणीच्या वेळी तुमच्या भावानं आपल्या दोन घरांमध्ये घातलेली भिंत मागच्या अंगणात जेमतेम कमरेएवढी आहे. उपाध्ये म्हणाले, जो धर्म सोडून गेला त्याचं सुतक भावाला नाही. झालं! भावजी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसले. एका आईच्या पोटचे भाऊ, आणि सुतक नाही. बरं, नाही तर नाही. पण मग त्यांची बायको पद्मा रोज सकाळी माझ्यासाठी कॉफीचा पेला त्या भिंतीवर ठेवते आणि लगेच मागे सरकते, ते का? मी परवा विचारलंच तिला, "काय गं, तुम्हाला सुतक नाही ना? मग मला शिवायला काय झालं?" बिचारी गडबडली. म्हणाली, "अक्का, तुम्ही पाळता ना, म्हणून." म्हणजे तुम्ही मेलात म्हणून सुतक नाही, पण मी पाळते म्हणून आहे. हा न्याय कुठल्या शास्त्रात लिहिलाय ते त्या उपाध्यांनाच ठाऊक. कॉफी मात्र चांगली करते हो ती.

तुमच्या ख्रिस्ती सभेची माणसं आली नाहीत असं मी म्हणणार नाही. पहिले दोन-तीन दिवस रोज आली. पास्टर आले, त्यांची बायको आली, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका आल्या. त्यांनी तमिळमधली गाणी म्हटली आणि मला सांगितलं, रडू नका अम्मा, अण्णा प्रभूकडे गेले, आनंद करा. आनंद! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवरा माझा गेलाय आणि म्हणे आनंद करा. एक बाई मला जवळ घ्यायला पुढे झाली तर मी दोन्ही हात वर केले. "शिवू नका, मला सुतक आहे." त्यांच्यात सुतक ही गोष्टच नाही. ती बावरली. मग पास्टरांच्या बायकोनं तिला हळू आवाजात काहीतरी समजावलं आणि त्या सगळ्या जणी माझ्यापासून हातभर लांब बसल्या. माझा मान राखायला बसल्या, हे मला दिसत होतं. पण लांब ते लांबच. नंतर त्याही यायच्या थांबल्या. मीच तोंड वाकडं केलं, त्या तरी कशाला येतील?

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं माझं झालंय. साधं कपाळाचंच घ्या. तुमच्या सभेतल्या बायका कुंकू लावत नाहीत. भावजींच्या घरच्या रीतीनं माझं कुंकू आता पुसायला हवं. पण ती रीत करायला कोणी आलंच नाही. पुसायला नाही आणि "राहू दे गं" म्हणायलाही नाही. रोज आंघोळ झाली की मी आरशापुढे उभी राहते, करंडा उघडते, पुन्हा झाकते. मग कोऱ्या कपाळानं येऊन चटईवर बसते आणि तेही मनाला पटत नाही.

त्या सकाळचं तुम्हाला सांगायचं राहिलंय. कॉफी पिऊन तुम्ही पुढच्या ओट्यावर पेपर घेऊन बसलात आणि मी आत नारळ खवत होते. मी आतूनच ओरडून सांगितलं, पद्माच्या झाडाचा कढीपत्ता आणा. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा खवणी आपटून बाहेर आले, तुम्हाला चांगलं सुनवायला. पेपर मांडीवरच होता. मग मी धावत देवघरात गेले आणि गंगेचा गडू घेऊन आले, आणि तुमच्या तोंडाशी नेऊन थांबले. यांना चालेल का? डोक्यात हाच प्रश्न. तुम्हाला विचारायची सोय नव्हती. शेवटी तुमचे ओठ कोरडे दिसले म्हणून बोट ओलं करून पुसले. गंगा म्हणून नव्हे, पाणी म्हणून. चाललं ना?

संध्याकाळी तुम्हाला न्यायला गाडी आली तेव्हा पास्टर म्हणाले, "अम्मा, तुम्हीही चला, आमच्यात बायका येतात." मी म्हणाले, आमच्यात नाही येत. गाडी वळणावरून गेली आणि मी घर धुवायला घेतलं. पुढची खोली, ओटा, पायरी, सगळं. मग डोक्यावरून आंघोळ केली. त्यामुळे तुम्हाला कुठं ठेवलंय, वर झाड आहे की ऊन आहे, मला काही माहीत नाही. तिरुविडैमरुदूरच्या रस्त्याला आहे म्हणतात ती जागा. एवढ्या वर्षांत तुम्ही कुठं आहात हे मला माहीत नाही, असं कधी झालं नव्हतं. उशीर व्हायचा, पण ठावठिकाणा असायचा.

आपल्या लग्नाचा पहिला दिवस आठवतो? तुमच्या पूर्वजांनी इथल्या मराठा राजांच्या काळात साताऱ्याकडून येऊन इथं घर केलं, आणि इतक्या पिढ्यांनी पुन्हा साताऱ्याचीच सून आणली म्हणून तुमच्या आईंना कोण अभिमान! आणि तुम्ही मला म्हणालात, "मज तुज एक सांगायचं आहे." मी फिस्सकन हसले. अहो, आमच्याकडे असं फक्त कीर्तनात बोलतात! तुम्ही कानापर्यंत लाल झालात आणि जे सांगायचं होतं ते गिळून टाकलंत. काय होतं ते, मला अजून माहीत नाही. पुढं मला तुमच्या मराठीची सवय झाली. गंमत एवढीच वाटायची की ती तुम्ही घराबाहेर कधी काढली नाहीत. दारात चपला काढाव्यात तशी तमिळ बाहेर काढून ठेवायचात आणि आत आल्यावर मराठी. मी दुकानात आले तर माझ्याशीसुद्धा तमिळच बोलायचात. मी चिडायचे, तर म्हणायचात, "घरची भाषा घरीं."

तेव्हा रेशमाचं दुकान होतं, दारासुरमचे विणकर तुमच्यासाठी माग चालवायचे, आणि तुम्हाला सुख म्हणून काही नव्हतं. कुलूप लावून घरी आलात की जेवणाच्या पानावरून उठून पुन्हा बघून यायचात. पोट सदा जळत असायचं. कोणी शेठ म्हटलं तरी संशय, नाही म्हटलं तरी राग. मामंजी गेल्यावर तर विचारूच नका. दुकान कोणाचं, यावरून तुम्ही आणि रघुभावजी, एका ताटात जेवलेले भाऊ, वकिलाच्या दारात एकमेकांकडे पाठ करून बसायचात. मी शालू नेसून लग्नाकार्याला जायचे आणि बायका म्हणायच्या, काय नशीब काढलंय हिनं. नशीब मेलं! घरात एक माणूस धड झोपत नव्हता.

आणि मग तो रविवार. दुकानाचा वरचा मजला रिकामा होता. रिकामी जागा तुमच्या डोळ्यांत खुपायची, म्हणून तो तुम्ही एका छोट्या सभेला रविवारच्या प्रार्थनेसाठी भाड्यानं दिलात. भाडं घेताना धर्म आडवा आला नाही, हे मी तेव्हाही बोलून दाखवलं होतं. त्यांच्या ढोलक्या आणि टाळ्या सुरू झाल्या की छताचा चुना खाली साड्यांवर पडायचा. एका रविवारी तुम्ही लालबुंद होऊन निघालात. "आज त्यांस खालीं उतरवूनच येतों." मी जेवायची थांबले. दुपार कलली तरी पत्ता नाही. मला वाटलं, मारामारी झाली. आलात ते हातपाय धुऊन बसलात. पान वाढलं, जेवलात, भात पुन्हा मागून घेतलात, आणि तिथंच भिंतीला टेकून झोपलात. तुम्हाला दिवसाढवळ्या झोपलेलं मी तोवर पाहिलंच नव्हतं. खरं सांगते, मी तुमच्या नाकापुढे बोट धरून बघितलं.

भांडायला गेलेला माणूस जेवून झोपतो, म्हणजे वर झालं तरी काय? मी किती वेळा विचारलं. तुम्ही म्हणायचात, "काही नाही. मी ओरडायला तोंड उघडलं आणि एक म्हातारी म्हणाली, बसा अण्णा. बसलों." एवढंच? एवढ्यासाठी माणूस धर्म बदलतो? तेव्हा तुमच्या हातात सुपारी होती, ती कातरायची विसरलात. मग म्हणालात, "बापाच्या गादीवर बसलों तरी वाटे, आतां कोणी येऊन उठवील. तिथं येसूपुढं बसलों आणि मज राखायला काहीच नव्हतं. उठवायला कोणी येणार नव्हतं." मला ते कळलं नाही. कळलं नाही म्हणून मी चेष्टा केली. तुम्ही हसलात आणि सुपारी कातरायला लागलात.

पुढं तुम्ही बाप्तिस्मा घेतलात, तोही कावेरीतच, जिथं मामंजींच्या अस्थी सोडल्या त्याच कावेरीत. आणि एक दिवस रघुभावजी वकिलाचे कागद घेऊन तावातावानं आले, तर तुम्ही म्हणालात, "तूच घे, रघू." भावजी आ वासून उभे. त्यांना वाटलं, यात काहीतरी डाव आहे. चार दिवस ते स्वतःच्याच दुकानात जायला घाबरत होते! तेव्हा मी आत पोळ्या लाटत होते, पलीकडच्याच खोलीत. दुकान देऊन टाकलंत आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत.

रेशमातून पंच्यात आलात. बाजारात टीचभर गाळा घेतलात, टॉवेल, पंचे, सुती वेष्ट्या, म्हणजे इकडची धोतरं. उपाशी नाही ठेवलंत, खाऊनपिऊन बरे होतो, पण सणाला आपल्याच दुकानातली नवी साडी मी पद्माच्या अंगावर बघायची, आणि वर "छान दिसतेस गं" म्हणायचं. मी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं. तुमच्यावर परिणाम शून्य! पोटाची जळजळ गेली. दुपारचे घरी यायला लागलात. शेवग्याच्या शेंगा सोलून द्यायचात, न सांगता. रस्त्यात रघुभावजी दिसले की तुम्हीच आधी हाक मारायचात, ते तोंड फिरवायचे, आणि तुम्हाला त्याचंही काही वाटायचं नाही. मला माणूस मिळाला होता, अहो. जन्मभर दुकानात हरवलेला नवरा मला परत मिळाला होता, आणि मी त्याच्यावर जळत होते. तुम्ही कुठल्या तरी गार सावलीत जाऊन बसला होतात आणि मी उन्हात उभी होते. एका घरात राहून.

दर रविवारी सकाळी धुतलेली वेष्टी नेसून, ते काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक पिशवीत घालून, तुम्ही दारात जरा थांबायचात. मला वाटायचं, आता विचारतील. "येतेस?" माझं उत्तर तयार असायचं: माझे देव मला पुरेत, तुमचं तुम्हाला लखलाभ. अगदी हात कमरेवर ठेवून तयार असायचे. तुम्ही म्हणायचात, "येतों बरं का," आणि जायचात. येताना माझ्या देवांना फुलं आणायचात, तुळस आणायचात. सभेत त्यावरून कोणी कुजबुजलं होतं, तुम्हीच सांगितलंत हसत हसत. तरी आणायचात. विचारलं मात्र कधी नाहीत. अहो, एकदा तरी विचारायचं होतं! मी नाहीच म्हणाले असते. पण नाही म्हणायला तरी मला दारापर्यंत बोलवायला हवं होतं की नाही?

विषय मीच काढला होता, एकदाच. तुम्ही अंगणात दोरीवर वेष्टी वाळत घालत होतात. मी म्हणाले, "उद्या मेल्यावर तुम्हाला पुरणार, मला जाळणार. तुम्ही येसूकडे, मी विठ्ठलाकडे. मग भेटायचं कुठं?" तुम्ही वेष्टीची सुरकुती हातानं सारखी केलीत आणि म्हणालात, "देव येवढा वेडा नव्हे, गं." तेवढ्यात दूधवाला आला, मी भांडं घेऊन गेले, आणि ते बोलणं तिथंच राहिलं. मला पुढं खूप विचारायचं होतं. कोणता देव वेडा नव्हे, तुमचा की माझा? आणि वेडा नव्हे म्हणजे नक्की काय करणार आहे तो? म्हटलं, विचारू सवडीनं. सवड काय, भरपूर होती.

काल रविवार होता. पहाटेपासून देवळांच्या घंटा. या गावात देवळांना काय तोटा! ज्या बाजूला तोंड करावं तिकडे गोपुर. सुतकात त्यातल्या एकाचीही पायरी मला चढायची नाही. माझ्या घरातल्या देवांपुढे वात लावायची नाही. मी चटईवर बसून होते, आणि बसल्या बसल्या एकदम लक्षात आलं आणि मला चक्क हसू फुटलं. अख्ख्या कुंभकोणमात सुतकातल्या बाईला उघडं असं एकच दार आहे, आणि ते तुमचं! तिथं सुतक मानतच नाहीत.

मग उठले. मला कोणी बोलावलं नव्हतं. बसनं गेले असते तर कोणाला तरी शिवले असते, म्हणून रिक्षा केली. भावजींनी वरच्या मजल्यावरून काढल्यापासून तुमची सभा दारासुरमच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये भरते हे ऐकून होते, पाहिलं कालच. गल्लीत विणकरांनी मागावर चढवायच्या धाग्यांचा लांबच लांब ताणा पसरला होता, त्याच्या कडेकडेनं गेले. माझी चटई मी घरून नेली होती, ती सगळ्यांच्या मागं टाकली आणि बसले. पास्टरांनी लांबून मान हलवली. कोणी वळून बघितलं नाही, की मुद्दाम बघत नव्हते, कोण जाणे.

खोटं कशाला बोलू, मला शांतीबिंती काही मिळाली नाही. पत्रा तापला होता, डास होते, पंखा होता तो कुरकुरत होता. या कुरकुरणाऱ्या पंख्याखाली तुम्हाला असं काय सापडलं, जे आपल्या घरात नव्हतं? मी नुसती बघत बसले आणि मला रागच येत होता. मग ज्याला जे मागायचं ते ज्यानं त्यानं मोठ्यानं मागायला सुरुवात केली. सगळे एकदम बोलत होते. मला काय मागावं कळेना. मी पदराचं टोक पिळत बसले.

सभा संपल्यावर एक म्हातारी पाय ओढत माझ्याशेजारी येऊन बसली. ज्ञानम्माळ नाव तिचं. तुम्हाला "बसा अण्णा" म्हणणारी ती हीच. ती तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, आम्ही इतकी वर्षं तुम्हाला बोलावलं नाही, राग धरू नका. अण्णांनी बजावलं होतं, तिला कोणी बोलवायचं नाही. बोलावल्यावर आली तर ती माझ्यासाठी येईल, म्हणायचे. माझ्यासाठी तिनं फार केलंय, आता आणखी नको."

फार केलंय. हे तुम्ही तिला सांगितलंत होय! मी खाली मान घालून चटईच्या काड्या मोजायला लागले, कारण डोळे वर करायची सोय नव्हती.

ती पुढं म्हणाली, "एक विचारायचं होतं. अण्णा आमच्याशी तमिळमध्ये बोलायचे, पण प्रार्थना तुमच्या घरच्या भाषेत करायचे. आम्हाला कोणाला काही कळायचं नाही." मी बघतच राहिले. मराठीत? तुम्ही? चारचौघांत? जो माणूस दुकानात आपल्या बायकोशी मराठी बोलला नाही, तो त्या पत्र्याखाली मोठ्यानं मराठी बोलत होता? "एकच शब्द ओळखू यायचा," ती म्हणाली. "सगुंदला. तुमचं नाव ना?" माझं नाव शकुंतला. इथं सगळे त्याचं सगुंदलाच करतात. तुम्ही मला नावानं हाक मारलीच नाहीत कधी, जन्मभर नुसतं "अगं."

"आणि नावापाठोपाठ दरवेळी एकच," म्हातारी म्हणाली. "सगुंदला एकटी. प्रत्येक रविवारी. मी शेजारी बसायची, मला पाठ झालंय. सगुंदला एकटी. एकटी म्हणजे काय, अम्मा?"

मी म्हणाले, "तनिया." तमिळमध्ये एकटीला तोच शब्द. म्हातारीनं मान हलवली, बराच वेळ हलवत राहिली, आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मी घेऊ दिला. आणि मग मी रडले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, चांगला आवाज करून. निघताना तिला म्हणाले, तेराव्याला माझ्याकडे जेवायला या. तिनं विचारलं, ते काय असतं? मी म्हणाले, सुतक फिटतं, गोडाचं जेवण असतं, दुसरं कोणी यायचं नाही. ती म्हणाली, येईन. पास्टरांच्या बायकोलाही घेऊन येईन म्हणाली. तेव्हा आता पुरण घालावं लागेल. पद्मालाही भिंतीवरून सांगणार आहे. येईल न येईल, तिचं ती बघेल.

पण आज सकाळपासून माझं दुसऱ्या कशात लक्ष नाही. मला वाटत होतं, तुम्हाला शांती लाभली आणि तिच्यात मी दिसेनाशी झाले. तुम्ही सुखात होतात आणि मी कशी आहे याची तुम्हाला गंधवार्ता नव्हती, असं धरून मी इतकी वर्षं तुमच्यावर रागावले. आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं. घर सोडून, गाव ओलांडून, परक्या माणसांत बसून तुम्ही दर रविवारी देवापुढं माझं नाव घेत होतात. याबद्दल तुमचे उपकार मानू की तुमच्याशी कडाडून भांडू, मला कळत नाही. दोन्ही करावंसं वाटतं आणि दोन्हीला समोर माणूस नाही. येसूला सांगितलंत, बरं केलंत. त्यानं ऐकलं की नाही ते तुम्ही आणि तो जाणे. पण अहो, तेच दोन शब्द एकदा मला सांगायचे होते. मी स्वयंपाकघरातच तर होते.